आकड्याला नाही, चढाला घाबरावं

बाळा, लिनक्सचा सर्व्हर पहिल्यांदाच एकट्याने सांभाळायचा आहे तुला. हात चांगला आहे तुझा, फक्त घाई थोडी जास्त. म्हणून कर्नलच्या कॅशवर लक्ष ठेवण्याच्या या चार गोष्टी आधीच सांगून ठेवते.

१. 'फ्री'चा आकडा बारीक दिसला की दचकू नकोस, त्याच ओळीतला 'अव्हेलेबल'चा रकाना वाच — रिकामी पडलेली मेमरी कर्नल कॅशला वापरतोच, आणि गरज लागली की त्यातली बरीचशी परत देतो.

२. मग '/प्रॉक/मेमइन्फो'मधल्या तीन ओळी बघ: स्लॅब, एस-रीक्लेमेबल आणि एस-अनरीक्लेम. नजर तिसरीवर ठेव — पहिली ही पुढच्या दोघींची बेरीज, दुसरीतली मेमरी मागितली तर मिळते, तिसरीतली सहजी सुटत नाही.

३. 'स्लॅबटॉप' सुडो लावूनच चालव — ते जिथून वाचतं ती '/प्रॉक/स्लॅबइन्फो' फाइल फक्त रूटला उघडते, आणि 'परमिशन डिनाइड' म्हणजे काही सर्व्हरचा बिघाड नव्हे.

४. स्लॅबटॉप उघडलं की छोटा 'सी' दाब, म्हणजे यादी कॅशच्या आकाराप्रमाणे लागेल — एरवी ती ऑब्जेक्टच्या संख्येने लागते. गर्दी करणारा जागा अडवतोच असं नाही.

५. डेंट्री आणि आयनोडच्या कॅश वर चढलेल्या दिसल्या, तर बॅकअप किंवा 'फाइंड' नुकतंच चाललं होतं का ते आधी विचार — लाखो फाइली चाळल्या की कर्नल त्यांची नावं-ठिकाणं लक्षात ठेवतो, पुढच्या खेपेला डिस्कपर्यंत जावं लागू नये म्हणून.

६. 'यूज'चा टक्का खाली गेलाय का तेही बघ. ६४ बिटच्या मशीनवर डेंट्री साधारण १९२ बाइटची, ४०९६ बाइटच्या एका पेजमध्ये अशा २१ बसतात — अंड्यांच्या ट्रेमध्ये एक अंडं उरलं तरी ट्रे अडकतो, तसं एक डेंट्री वापरात असली तरी अख्खं पेज सुटत नाही.

७. जुनं पुस्तक वाचताना साल बघ. स्लॅबची पद्धत जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सनमध्ये असताना मांडली, पण लिनक्सने आपला जुना स्लॅब २०२४ च्या ६.८ आवृत्तीत काढून टाकला — कमांडची नावं तीच राहिली तरी आतला कारभार आता 'स्लब'चा आहे.

८. नुसतं नाव वाचून कुणावर आळ घेऊ नकोस — स्लब सारख्या मापाच्या कॅश एकत्र करतो, त्यामुळे एकाच्या नावावर दुसऱ्याचाही माल असतो. खात्री करायची तर टेस्ट मशीन 'स्लॅब-नोमर्ज' देऊन बूट कर.

९. मशीन ठणठणीत असताना 'स्लॅबटॉप -ओ'चं आउटपुट तारखेच्या नावाने फाइलीत ठेवत जा — नेहमीचं किती हे ठाऊक नसेल, तर जास्त किती ते कसं कळणार? सुखातली नोंद, दुखातला वैद्य.

१०. एस-अनरीक्लेम दिवसेंदिवस वाढतंय आणि लोड उतरला तरी खाली येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी सीनियरला सांग. सोबत कर्नलची आवृत्ती आणि नव्याने घातलेले ड्रायव्हर लिहून दे — गळतीची चाल अशीच असते, आणि लवकर कळली तर रीबूटची वेळ आपण ठरवतो.

११. 'ड्रॉप-कॅशेस'मध्ये २ लिहिणारी ओळ क्रॉनमध्ये कधीही घालू नकोस — डेंट्री आणि आयनोड जातात, ते लगेच पुन्हा डिस्कवरून आणावे लागतात, आणि गळती असते तिथेच राहते. टेस्टसाठी लागलंच तर आधी 'सिंक' दे, कारण डिस्कवर न लिहिलेलं काही त्यातून सुटत नाही.

१२. 'व्हीएफएस-कॅश-प्रेशर' मुळात १०० असतं, ते ० करू नकोस — मग मेमरीची चणचण असली तरी कर्नल डेंट्री-आयनोड सोडत नाही, आणि ओओएम किलर चालता प्रोग्राम मारून टाकू शकतो.

१३. काहीही बदलण्याआधी मेमइन्फोची एक प्रत काढून ठेव — बदलल्यावर फरक पडला की नाही, हे तिच्याशी ताडूनच कळतं. आधी मोजावं, मग हात लावावा.