रस्त्यांखालील निद्रिस्त धातू

धातू म्हटले की खाण, खनिज आणि भट्टी डोळ्यांपुढे येतात. परंतु जुन्या शहरांच्या रस्त्यांखालीही तांबे, शिसे, ॲल्युमिनियम व लोखंड यांचा मोठा साठा पडून असतो. विजेच्या, दूरध्वनीच्या वा गॅसच्या वाहिन्या कालबाह्य झाल्या, की त्यांची जोडणी तोडण्यात येते. मात्र त्या बाहेर काढण्यात येतातच असे नाही. नवी वाहिनी शेजारी टाकली जाते व जुनी जागच्या जागी राहते. अभ्यासकांनी अशा साठ्यास ‘शीतनिद्रेतील साठा’ असे समर्पक नाव दिले आहे.

नॉरशोपिंगचा अनुभव

स्वीडनमधील नॉरशोपिंग शहरातील अशा साठ्याच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. लिनशोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी वीज, दूरध्वनी, गॅस आणि घरोघरी उष्णता पुरविणाऱ्या यंत्रणा यांचे नकाशे व नोंदी यांचा मेळ घालून कोणत्या भागात किती धातू पडून आहे, याचा अंदाज बांधला. वापराबाहेर गेलेल्या वाहिन्यांत सुमारे ५,००० टन लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम असल्याचे दिसून आले. अभ्यासलेल्या यंत्रणांतील या धातूंच्या एकूण साठ्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय.

या साठ्याचे मोल साध्या हिशेबानेही कळते. प्रत्येकी २४० चौरस मिलिमीटर छेदाचे तीन तांब्याचे गाभे असलेल्या केबलच्या केवळ १०० मीटर लांबीत सुमारे ६४० किलो तांबे असते. शिवाय भंगारापासून ॲल्युमिनियम तयार करण्यास खनिजापासून करण्याच्या तुलनेने सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

अडचण कोठे आहे?

असे असूनही हा धातू जमिनीतच राहतो, याचे प्रमुख कारण खर्च हे आहे. रस्ता खोदणे, वाहतूक वळविणे व रस्ता पूर्ववत करणे यांवरील खर्च पुष्कळदा धातूच्या किमतीहून अधिक होतो. त्यामुळे केवळ धातूसाठी रस्ता खोदणे सहसा परवडत नाही. मात्र दुरुस्तीसाठी वा नव्या वाहिनीसाठी चर खोदलेलाच असेल, तर त्याच वेळी जुनी केबल काढून घेण्याचा खर्च बराच कमी होतो. काही केबलींच्या बाबतीत वेष्टन व गाभा यांमध्ये घर्षण कमी करणारा द्रव दाबाने सोडून, सलग चर न खोदता गाभा ओढून काढण्याची पद्धतही वापरात आहे.

दुसरी अडचण नोंदींची आहे. बंद वाहिनीची नोंद नकाशावरून पुसली गेली, की ती सापडणे कठीण होते. मुंबईतील ट्रामसेवा ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. परंतु तिचे काही रूळ डांबराखाली तसेच राहिले आणि अनेक दशकांनंतर रस्त्यांच्या कामांत उघडे पडले.

घ्यावयाची दक्षता

जुन्या केबलींवर शिशाचे आवरण व आत तेलात भिजविलेला कागद असू शकतो. ते शिसे जमिनीत राहणे इष्ट नव्हे. केबल मृत असल्याची खात्री उपकरणाने केल्याखेरीज ती कापू नये. तसेच गॅसच्या जुन्या नळात वायू उरलेला नाही, हे तपासावे. तांबे मोकळे करण्यासाठी केबल जाळणे घातक आहे. पीव्हीसीच्या ज्वलनातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. वेष्टन यंत्राने सोलून काढणे हाच योग्य मार्ग होय.

हा विषय महानगरांपुरता मर्यादित नाही. गावात नवी नळयोजना राबविताना बिडाचे जुने नळ जमिनीतच राहिले, तर तेथेही हाच प्रश्न उद्भवतो. वाहिनी बंद करताना तिची जागा, लांबी व धातू यांची नोंद कायम ठेवणे, नव्या कामाच्या अंदाजपत्रकातच जुनी वाहिनी काढण्याची तरतूद करणे आणि निघालेल्या धातूचा हिशेब ठेवून त्याची रीतसर विक्री करणे, एवढी व्यवस्था स्थानिक संस्थांनी केली, तरी हा सार्वजनिक ठेवा चोरी व विस्मरण यांपासून बचावेल.