पाणी, मीठ आणि शरीराचे वजन

आरोग्यशास्त्राचा पाठ चालू असता वरच्या इयत्तांतील मुले कधी कधी विचारतात, की पुष्कळ पाणी प्यायल्याने वजन उतरते काय? हा प्रश्न शिक्षकांनी हसण्यावारी नेऊ नये. बारा-तेरा वर्षांची मुलगी जेवण टाळून पाण्यावर भूक मारू लागली, तर ऐन वाढीच्या वयात तिचे पोषण तुटते.

पाठाचे साधन ठाणे जिल्ह्यातील शिक्षकांस दूर शोधावयास नको. मिरा-भाईंदर येथे २००२ साली महानगरपालिका झाली, गावांभोवती उंच इमारती उठल्या. तथापि भाईंदरचे नाव मिठागरांशी जोडलेले आहे. मिठागरात भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घेतात. ऊन व वारा यांनी पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. वर्गात हेच एका थाळीत करून दाखवावे. वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून थाळी तोलावी, दिवसभर उन्हात ठेवावी आणि पुन्हा तोलावी. थाळी हलकी होते, परंतु मीठ होते तेवढेच असते. घाम गाळून लगेच काट्यावर उभ्या राहणाऱ्या मनुष्याचे असेच होते. त्याचे घटलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते. चरबी जागच्या जागी राहते. दोन तांबे पाणी पोटात गेले की काटा पूर्ववत होतो. (घामावाटे थोडे मीठही जाते, म्हणून ही उपमा फार ताणू नये.) वजन उतरणे आणि चरबी उतरणे या दोन गोष्टी फळ्यावर वेगवेगळ्या लिहाव्यात.

पाणी चरबी वितळविते, असा समजही पसरला आहे. त्याचे उत्तर अंकगणिताच्या तासाला काढता येईल. माठातील २५ अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांपर्यंत तापण्यास सुमारे १२ किलोकॅलरी उष्णता लागते. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. भागाकार मुलांनीच करावा. उत्तर ६४० लिटरांच्या पुढे जाते. शिवाय कोकणच्या उन्हाळ्यात शरीरास उष्णता बाहेर टाकण्याचीच विवंचना असते, तेव्हा एवढ्यासाठी ते चरबी जाळील असे मानण्यास आधार नाही. सकाळच्या कोमट पाण्यात मध घालणाऱ्यांनी तर मध ही बव्हंशी साखरच आहे हे ध्यानी घ्यावे.

मग पाण्याचा उपयोग काय? पाण्यात स्वतःचे उष्मांक शून्य असतात, आणि खरा लाभ येथेच आहे. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारणतः तीस ग्रॅम साखर असते. एका ग्रॅमचे चार याप्रमाणे हे १२० उष्मांक झाले, आणि एवढे पोटात जाऊनही भूक भागत नाही. ही बाटली आता खेड्यातील लहानशा दुकानापर्यंत पोहोचली आहे. तहान लागली असता तिच्याऐवजी पाणी घेतले, तर महिन्याकाठी ३,६०० उष्मांक वाचतात. अधिक साखरेच्या चहाचा हिशेबही मुलांकडून करवून घ्यावा. त्यात पुष्कळदा शिक्षकच सापडतात!

जेवणापूर्वी पाणी घेण्याविषयी अमेरिकेत २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ ते ७५ वर्षे वयाच्या स्थूल व्यक्तींस १२ आठवडे मोजका आहार दिला. ज्यांनी प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी घेतले, त्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दोन किलो अधिक उतरले. हा प्रयोग प्रौढांचा होता आणि त्यांचा आहारही आधीच कमी केलेला होता, या दोन्ही गोष्टी मुलांस अवश्य सांगाव्यात. वाढत्या मुलांवर त्याचे अनुकरण लादू नये. एखादा विद्यार्थी स्थूल दिसल्यास त्यास वर्गात नावे ठेवू देऊ नयेत. पालकांशी एकांतात बोलून त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे.

अति सर्वत्र वर्ज्य, हे पाण्यासही लागू आहे. थोड्या वेळात अतोनात पाणी प्यायल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते, आणि क्वचित प्राणावरही बेतते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी वैद्याने सांगितलेले प्रमाणच पाळावे. निरोगी मुलास तहान लागेल तेव्हा, आणि खेळानंतर व उन्हात त्याहून अधिक, स्वच्छ पाणी मिळावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे झाले, ही खूण मुलांस सहज ध्यानात राहते. शाळेचा पाण्याचा पिंप झाकलेला असावा, त्यात लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, आणि मधल्या सुट्टीपूर्वी तो भरला आहे की नाही हे पाहण्याचे काम आठवड्याच्या पाळीने दोन मुलांकडे द्यावे.