छत उघडण्याचं नव्हे, मिटण्याचं बघ

सातारा

चि. सुनील यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मंडईत होतो, धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ट्रॅव्हलर कुपवाडला बॉडीवाल्याकडे कॅरव्हॅन करायला टाकलीस, बरं केलंस. 2021 साली राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हापासून तुझं तेच चाललं होतं. आता घोडं अडलंय ते बाजूच्या छतावर: ऑनिंग बटणाचं घ्यायचं की हँडलचं. बॉडीवाला म्हणतो, मोटरचं घ्या, गिऱ्हाईक खूश होतं. होणारच. बटण दाबलं की कापड सरसर बाहेर येतं, दिव्यांची पट्टी उजळते, फोटोही झकास येतात.

पण छत उघडायची घाई कधी कुणाला नसते. घाई असते मिटायची, तीही नेमकी माणसं जेवायला बसलेली असताना. तू गाडी नेणार कास, चाळकेवाडी, कोयनेकडे, नाहीतर तुमच्याकडे दंडोबा, ढालगाव. वनकुसवड्याच्या पठारावर आणि ढालगावला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वळीव तर तुला मी सांगायला नको. आभाळ भरून आलं की तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर कशी पळापळ होते, ते तू लहानपणापासून बघतोस. झाडाच्या बारक्या फांद्या सतत हलायला लागल्या, म्हणजे वारा ताशी 20-25 किलोमीटरवर गेला, की छत आत घ्यायचं. अजून थोडा वेळ बसू, असं म्हणणाऱ्याचं कापड फाटतं आणि ऑनिंगचे हातही वाकतात.

मिटण्याच्या हिशेबात मोटरची बाजू पडती नाही, हे आधी सांगतो. मिटायला सोपं असलं की माणूस छत मिटतो. हँडल फिरवायचा कंटाळा केला की छत रात्रभर तसंच राहतं. बॅटरी उतरेल ही भीतीही सोड. बारा व्होल्टची मोटर मिनिटभर चालते, त्याने काही बिघडत नाही. दुखणं निराळंच आहे. मोटर कापड गुंडाळायच्या नळीच्या एका टोकात बसवलेली असते. ती गेली की बहुधा अख्खीच बदलावी लागते, आणि ती ना सांगलीत मिळते ना साताऱ्यात. हँडलच्या ऑनिंगला साधा वर्म गिअर असतो. तो जिथे सोडाल तिथेच थांबतो, मागे पळत नाही, आणि झिजलाच तर कुपवाडचा कुठलाही टर्नर बघून देईल. एसटीच्या वर्कशॉपात सगळी नोकरी झाली माझी. जे आपल्या गावात खोलता येतं तेच गाडीवर टिकतं, हे तिथे रोज दिसायचं. मात्र जुन्या पद्धतीच्या ओढायच्या ऑनिंगमध्ये नळीच्या आत ताणून भरलेली स्प्रिंग असते. ते सेकंड हँड स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस. नवशिक्याने खोललं तर हात मोडेल.

वाऱ्याच्या सेन्सरवर तर फार विसंबू नकोस. कापड हादरायला लागल्यावर तो जागा होतो, म्हणजे पहिला झोत बसून गेलेला असतो. शिवाय छताचे पाय जमिनीवर टेकवून बांधले असतील तर मोटर छत आत ओढणार कशी? बऱ्याच मोटरवाल्यांना तर जमिनीवर टेकणारे पायच नसतात, सगळा भार भिंतीवर. हँडलच्या पेटीवाल्या ऑनिंगला पाय असतात आणि ते खुंटीला बांधता येतात. पण कास, चाळकेवाडीचा सडा म्हणजे जांभा, तिथे खुंटी शिरत नाही; पाण्याचे वीस लिटरचे कॅन पायांना बांध. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत खुंटी लोण्यासारखी शिरते आणि सर आली की तितक्याच सहज निघूनही येते. तिथे खुंटी लांब घे आणि तिरकी ठोक.

पाऊस आलाच तर एक पाय वीतभर खाली घे, पाणी एका कडेने निघून जाईल. नाहीतर कापडाला पोट सुटतं. एका चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साठलं तरी 50 किलो होतात. ओलं गुंडाळलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळव, एकदा लागलेला बुरशीचा वास जात नाही. पावसाळ्यात महाबळेश्वरला छत उघडण्याच्या भानगडीतच पडू नकोस. तिथे पूर्वी लोक आपल्या घराच्या भिंतींनाही गवताचे आडोसे बांधायचे.

तेव्हा माझं मत हँडलच्या बाजूने. तुझी गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने जाणार, छत मिटणारा माणूस कायम हजर. उद्या नुसती गाडी कुटुंबांच्या हातात द्यायची ठरवलीस तर मोटरचा विचार कर, पण ती बंद पडल्यावर हाताने मिटायची सोय असलेलीच. ती सोय कागदावर बघू नकोस. बॅटरीची वायर काढायला लाव आणि ड्रायव्हरला तुझ्यासमोर मिटून दाखवायला सांग.

मोटरचे वाचलेले पैसे कापडात आणि भिंतीत घाल. फोमच्या पॅनेलवर नुसते स्क्रू मारले तर पहिल्याच वळवात ऑनिंग पत्र्यासकट हातात येईल. आतून लोखंडी चौकट हवी आणि बोल्ट आरपार. आपल्याकडे गाडीचं दार डावीकडे, परदेशातला बराचसा माल उजवीकडच्या दारासाठी केलेला असतो. हँडलचा हूक कोणत्या टोकाला येतो आणि उघडलेलं दार कापडाला घासतं का, हे ऑर्डर देण्याआधी टेप लावून बघ.

पॅनेल बंद करण्याआधी चौकटीचे फोटो पाठव. वेल्डिंग बघितल्याशिवाय बॉडीवाल्याला पुढचा हप्ता देऊ नकोस. ताईला सांग, पुढच्या आठवड्यात मिरजेला येतोय, तेव्हा गाडी बघायला कुपवाडलाही चक्कर मारीन.

तुझा,
मामा