घर तारण ठेवण्याआधी कॅप राउंड बघा

सीईटीचा निकाल लागला की पालघर-बोईसरच्या पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तोच. "पर्सेंटाइल कमी आलंय. मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगच्या एआय शाखेची सीट मिळतेय. घर तारण ठेवून कर्ज काढू का?" माझं उत्तर: काढू नका.

आधी हिशेब करा. समजा शुल्क वर्षाला २ लाख, म्हणजे ४ वर्षांचे ८ लाख, व्याज १० टक्के. शिक्षणानंतर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासूनच चढतं. परतफेड सुरू होईपर्यंत कर्ज सरळव्याजानेही १० लाख ८० हजारांवर जातं. १० वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला सुमारे १४,३०० रुपये. पहिल्या नोकरीच्या पगारातून एवढे वजा करून पाहा.

कर्जाआधी सवलती बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आदिवासी विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. मुलींच्या माफीला उत्पन्नाशिवाय आणखी एक मुख्य अट आहे: प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा, खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं तिच्यात बसत नाहीत. एका शाखेच्या हट्टापायी फुकट शिकू शकणाऱ्या मुलीच्या नावावर कर्ज चढवणारे पालक आहेत, आणि हे मला बघवत नाही. सरकारनेही ही माफी गरीब घरातल्या मुलग्यांपर्यंतही न्यायला हवी.

आता कोणीच विचारत नाही ती वाट. तारापूर एमआयडीसी रसायन कारखान्यांनी भरलेली आहे, आणि आयटीआयमध्ये 'अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीनंतर करता येतो. पंप, रिअ‍ॅक्टर, हीट एक्स्चेंजर कसा चालवायचा, तापमान आणि दाब वाचून लॉगशीट कशी भरायची, हे त्यात हाताने शिकवतात. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप, तीही विद्यावेतनासह. तारापूर अणुऊर्जा केंद्रही आयटीआय झालेल्यांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतं. शिक्षणही तिथे थांबत नाही. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वाट लांबची आहे, पण मूल कमावत शिकतं.

"आम्ही एमआयडीसीत राबलो, पोराने तरी राबू नये," असं बाप सांगतात. तारापूरमध्ये स्फोट झालेत, माणसं गेलीत. ती भीती खरी आहे. म्हणूनच प्रशिक्षण घेतलेला, धोका ओळखून 'हे करणार नाही' म्हणू शकणारा ऑपरेटर हवा. पण तुमची भीती आणि शेजाऱ्याच्या मुलाचं पॅकेज यावरून पोराची शाखा ठरवू नका. त्याला काय जमतं, काय आवडतं, हे कितीदा विचारलंत?

कर्ज घ्यावंच लागलं, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. तीत तारण आणि जामीनदार लागत नाही, मात्र कॉलेज तिच्या यादीत हवं. ते प्रवेशाआधी तपासा, नंतर नव्हे.

या आठवड्यात दोनच कामं करा. उत्पन्नाचा आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढा, आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडा. दाखल्याअभावी हक्काची सवलत घालवू नका.