आभासी संगणकांची देखभाल : अखंड लोकसेवेचा पाया

सात-बाराचा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अथवा घरपट्टीची पावती यांसाठी नागरिक आज कार्यालयात किंवा सेवा केंद्रात जातो, तेव्हा त्याचे काम दूरच्या एखाद्या सर्व्हरवर अवलंबून असते. 'सर्व्हर बंद आहे' एवढेच उत्तर ऐकून त्याला परतावे लागले, तर त्याची एक दिवसाची मजुरी बुडते आणि अर्जाची मुदत टळण्याचाही धोका असतो. म्हणून सर्व्हरची देखभाल हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नसून लोकसेवेचाही विषय आहे. आजचे बहुसंख्य सर्व्हर हे 'आभासी संगणक', म्हणजेच व्हर्च्युअल मशीन या स्वरूपाचे असतात. त्यांचे दोष कसे शोधावेत आणि त्यांची निगा कशी राखावी, याचा विचार येथे केला आहे.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

एखाद्या मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाचे दार, चूल व कुलूप स्वतंत्र असते. परंतु पाण्याची टाकी, जिना आणि पाया सर्वांचा एकच असतो. आभासी संगणकाची रचना अशीच असते. एका शक्तिशाली यंत्रावर 'हायपरव्हायझर' नावाची आज्ञावली काम करते. ती यंत्रातील प्रोसेसर, मेमरी, साठवण व जाळेजोडणी यांची वाटणी करून अनेक आभासी संगणक चालविते. प्रत्येक आभासी संगणकाला आपण स्वतंत्र यंत्र आहोत असेच भासते. हायपरव्हायझरला या वाड्याचा कारभारी म्हणता येईल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात अशी यंत्रणा तयार केली व १९७२ मध्ये कंपनीने ती 'व्हीएम/३७०' या नावाने ग्राहकांसाठी जाहीर केली. पुढे व्हीएमवेअर कंपनीची सर्व्हरसाठीची यंत्रणा २००१ मध्ये आली. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेली 'झेन' २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००७ मध्ये 'केव्हीएम' हा लिनक्सचाच एक भाग बनला. जागा, वीज आणि पैसा यांची बचत होत असल्याने ही पद्धत जगभर रूढ झाली.

तथापि, बचतीबरोबर एक जोखीमही येते. पूर्वी एक यंत्र बिघडले म्हणजे एक सेवा बंद पडे. आता एका यंत्राच्या बिघाडाने वीस सेवा एकाच वेळी थांबू शकतात. ही जोखीम ओळखून वागणे हाच देखभालीचा गाभा होय.

दोष शोधण्याची रीत

सेवा बंद पडताच यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यामुळे सेवा कधी कधी सुरू होते. परंतु मूळ कारणाच्या खुणा पुसल्या जातात व तोच दोष पुन्हा उद्भवतो. त्याऐवजी तीन प्रश्न क्रमाने विचारणे हितावह ठरते.

पहिला प्रश्न व्याप्तीचा. एकच आभासी संगणक बंद आहे, की एका यंत्रावरील सर्व बंद आहेत, की अनेक यंत्रांवरील संगणक एकदम अडले आहेत? पहिल्या स्थितीत दोष बहुधा त्या संगणकाच्या आतच असतो. दुसऱ्या स्थितीत खालच्या यंत्राकडे पाहावे. तिसऱ्या स्थितीत सामाईक साठवण, जाळेजोडणी अथवा वीजपुरवठा यांचा संशय घ्यावा. एकाच घराचा नळ बंद असेल तर तोटी तपासतात; सर्व घरांचे नळ कोरडे असतील तर टाकीकडे जातात, तसेच हे आहे.

दुसरा प्रश्न बदलाचा. सेवा व्यवस्थित चालू होती त्यानंतर काय बदलले? नवी आज्ञावली बसविली, परवलीचा शब्द बदलला, की सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली? प्रत्येक बदल तारीख व वेळेसह नोंदवहीत लिहिला असेल तर या प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत मिळते.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. आभासी संगणकाच्या आतून दिसणारे आकडे पुरेसे नसतात. बिऱ्हाडाला आपले भांडे दिसते, टाकीतील पाण्याची पातळी दिसत नाही. म्हणून हायपरव्हायझरच्या पातळीवरील मोजमापही अवश्य पाहिले पाहिजे.

नेहमी आढळणारे दोष

साठवण भरणे हा सर्वाधिक आढळणाऱ्या दोषांपैकी एक आहे. समजा, प्रत्यक्ष साठवण २ टेराबाइट आहे आणि दहा आभासी संगणकांना प्रत्येकी ४०० गिगाबाइट जागा कागदोपत्री दिली आहे. ही बेरीज ४ टेराबाइट होते. सर्वजण थोडीच जागा वापरतात तोवर काही बिघडत नाही. परंतु वापर वाढत जाऊन प्रत्यक्ष साठवण पूर्ण भरली की नवी नोंद लिहू पाहणारे संगणक जागच्या जागी थांबतात. यावर उपाय म्हणजे वापर ७० ते ८० टक्क्यांवर पोहोचताच इशारा मिळण्याची व्यवस्था करणे आणि वाढीचा वेग पाहून आधीच जागा वाढविणे.

साठवण भरण्यामागे पुष्कळदा विसरलेले 'स्नॅपशॉट' असतात. एखादा बदल करण्यापूर्वी संगणकाची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवण्याची ही सोय आहे. बदल फसला तर पूर्वस्थितीला येता येते. मात्र स्नॅपशॉट घेतल्यानंतरचे सर्व लेखन वेगळ्या फायलीत साठत जाते आणि ती फाईल मूळ डिस्कएवढी वाढू शकते. एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक काळ ठेवू नये, असा सल्ला व्हीएमवेअरच्या मार्गदर्शनात दिलेला आहे. स्नॅपशॉट म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो. मूळ डिस्क नष्ट झाली तर त्याचा उपयोग राहत नाही.

मेमरीची वाटणी प्रमाणाबाहेर केल्यास हायपरव्हायझर प्रथम संगणकांकडून वापरात नसलेली मेमरी परत घेतो आणि तेवढ्याने भागले नाही तर मेमरीतील मजकूर डिस्कवर हलवितो. डिस्क मेमरीच्या तुलनेत फारच मंद असल्याने सर्व सेवा रेंगाळू लागतात. प्रोसेसरच्या बाबतीत उलटा अनुभव येतो. संगणक मंद झाला म्हणून त्याला आणखी प्रोसेसर दिले, तर तो कधी कधी अधिकच मंद होतो. कारण तेवढे प्रोसेसर मोकळे होण्याची वाट त्याला व त्याच्या शेजाऱ्यांना पाहावी लागते. काम तयार असूनही पाळी न आल्याने गेलेला हा वेळ हायपरव्हायझरवर मोजता येतो. तो अधिक असेल तर प्रोसेसर वाढविण्याऐवजी काही संगणक दुसऱ्या यंत्रावर हलविणे योग्य ठरते.

घड्याळाचा दोष वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु तो फार चकवतो. थांबवून पुन्हा चालू केलेल्या आभासी संगणकाची वेळ मागे पडू शकते. विंडोजच्या जाळ्यात ओळख पटविण्यासाठी घड्याळांतील फरक सामान्यतः पाच मिनिटांपर्यंतच चालतो. त्याहून अधिक फरक पडला की परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. म्हणून सर्व यंत्रांची वेळ एकाच विश्वसनीय स्रोताशी जुळवून ठेवावी.

राखीव क्षमतेचे गणित

प्रत्येकी २५६ गिगाबाइट मेमरी असलेली तीन यंत्रे एकत्र चालत असतील, तर एकूण मेमरी ७६८ गिगाबाइट होते. एक यंत्र बंद पडल्यास ५१२ उरते. त्यावर सर्व सेवा सामावल्या पाहिजेत, म्हणून एकूण वापर ५१२ च्या आतच ठेवला पाहिजे. उरलेली मेमरी रिकामी पडली आहे असे समजून तिच्यावर नव्या सेवा उभारल्या, तर संकटसमयी जागा उरत नाही. त्याचप्रमाणे एकाच माहितीकोशाच्या दोन प्रती चालविणारे दोन आभासी संगणक एकाच यंत्रावर ठेवू नयेत. ते यंत्र पडले की दोन्ही प्रती एकदमच बंद होतात.

राखीव प्रत आणि तिची परीक्षा

दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना ही दुर्घटना घडली. सहाशेहून अधिक शासकीय संगणक प्रणाली बंद झाल्या. शासकीय कर्मचारी आपली कागदपत्रे ज्या साठवणीत ठेवीत, तिच्यात सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती. आकारमान मोठे म्हणून तिची राखीव प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती. ती माहिती नष्ट झाली. तंत्रज्ञानात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशात हे घडले, यावरून सर्वांनीच बोध घेण्यासारखा आहे.

राखीव प्रतीचा सर्वमान्य नियम सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ती रोजच्या जाळ्यापासून अलग असल्यास अधिक चांगले. प्रत किती वेळाने घ्यावी हे सेवेच्या स्वरूपावरून ठरते. प्रत रोज रात्री ११ वाजता घेतली जात असेल आणि बिघाड दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता झाला, तर १७ तासांच्या नोंदी गमवाव्या लागतात. हे चालणार आहे काय, याचा निर्णय तंत्रज्ञाने एकट्याने घ्यावयाचा नसून त्या सेवेच्या प्रमुखाने घ्यावयाचा असतो.

प्रत घेतल्याचा अहवाल हा ती उपयोगी पडेल याचा पुरावा नव्हे. म्हणून ठरावीक काळाने प्रतीवरून आभासी संगणक अलग जाळ्यात प्रत्यक्ष उभा करावा, त्यातील एखादी नोंद उघडून पाहावी आणि या कामास किती वेळ लागला ते लिहून ठेवावे.

सुधारणा वेळेवर करणे

फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या यंत्रणेवर चालणाऱ्या हजारो सर्व्हरांवर खंडणीखोरांनी हल्ला केला व आभासी संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या. त्या हल्ल्यांशी ज्या उणिवेचा संबंध जोडण्यात आला, ती दूर करणारी सुधारणा फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झाली होती. दोन वर्षे ती बसविली न गेलेले सर्व्हर हल्ल्याला बळी पडले.

याच्या उलट, घाईने सर्वत्र पसरलेला सदोष बदलही घातक ठरतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तेव्हा आभासी संगणकांचा एक लाभही दिसून आला : बंद पडलेल्या संगणकाची डिस्क दुसऱ्या चालू आभासी संगणकाला जोडून, सदोष फाईल काढून, ती परत मूळ जागी लावता येत होती. सारांश, सुधारणा टाळू नये. परंतु ती प्रथम एका कमी महत्त्वाच्या संगणकावर तपासावी व नंतर टप्प्याटप्प्याने सर्वत्र लागू करावी.

देखभालीचे वेळापत्रक

दररोज : इशारे, साठवणीची पातळी व आदल्या रात्रीच्या प्रतीचा अहवाल पाहावा.

दर आठवड्यास : जुने स्नॅपशॉट शोधून काढून टाकावेत; डिस्क, पंखे व वीजपुरवठा यांच्या दोषनोंदी वाचाव्यात.

दरमहा : सुरक्षा सुधारणा बसवाव्यात; वापरात नसलेले आभासी संगणक व सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची प्रवेशखाती बंद करावीत.

दर तीन महिन्यांस : राखीव प्रतीवरून सेवा प्रत्यक्ष उभी करून पाहावी.

दरवर्षी : एक यंत्र मुद्दाम बंद करून उरलेली यंत्रे भार पेलतात की नाही हे पूर्वसूचना देऊन तपासावे, बॅटऱ्या व अग्निशमन व्यवस्थेची तपासणी करून घ्यावी.

कार्यालयांचा व ग्रामपंचायतींचा वाटा

ग्रामपंचायत किंवा शाळा यांच्याकडे असे सर्व्हर क्वचितच असतात; तरीही दोषनिवारणात त्यांचा वाटा मोठा आहे. 'सर्व्हर चालत नाही' एवढे कळविण्याऐवजी सेवा बंद पडल्याची नेमकी वेळ, पडद्यावरील संदेश, अन्य सेवा चालू आहेत की नाही आणि शेजारच्या गावातील स्थिती कळविल्यास व्याप्तीचा प्रश्न लगेच सुटतो. त्यासाठी साधी वहीदेखील पुरेशी आहे. सेवा बंद असताना अर्ज कागदावर स्वीकारून त्यावर दिनांक व वेळ घालून पोच दिली, तर नागरिकाची मुदत टळली नाही याचा पुरावा त्याच्या हाती राहतो.

अधिकाऱ्यांनीही आपल्या सेवेबाबत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : राखीव प्रत कोठे आहे, ती शेवटची कधी उभी करून पाहिली आणि सेवा पूर्ववत होण्यास किती तास लागले. या तिन्हींची उत्तरे तारखेसह लेखी मिळत नसतील, तर पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्यावा.