पंधराशे रुपये आणि तुझी सही

नौपाडा, ठाणे

चि. बाळ,


परवा वहिनीचा, तुझ्या आईचा फोन आला होता. बोलता बोलता कौतुकानं म्हणाली, "आमच्या पोरीलाही लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, अगदी पहिल्या हप्त्यापासून." तिच्या मनात काही नव्हतं गं, पण माझा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डोंबिवली एमआयडीसीत जिची खोक्यांची कंपनी आहे, जिच्याकडे चौदा माणसं कामाला आहेत, तिचं नाव त्या यादीत?

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. जावईबापूंचा पगार पंधरा हजार, तुझा पाच हजार. वर्षाचे 2 लाख 40 हजार, म्हणजे योजनेच्या अडीच लाखांच्या मर्यादेत. आयकर लागत नाही. गाडी कंपनीच्या नावावर. सासऱ्यांच्या वेळचं केशरी कार्ड आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखलाही कुणी मागितला नाही. नियमात सरकारी मंडळांचे संचालक वगळलेत, खासगी कंपनीचे नाहीत. सीएनंही सांगितलं असेल, सगळं बसतं म्हणून.

कागदावर बसतं, बाळा. घरात बसत नाही. नातवाच्या शाळेची फी कंपनीच्या खात्यातून जाते, पेट्रोलही तिथूनच. संचालकाला कंपनीकडून मिळणाऱ्या अशा सोयी आयकराच्या हिशेबात पगारातच धरतात. माझा उभा जन्म वह्या लिहिण्यात गेला, मला हे कुणी शिकवायला नको. त्या धरल्या तर अडीच लाख केव्हाच ओलांडले. आणि केशरी कार्डाची मर्यादा तर वर्षाला एक लाख. ज्या कार्डाच्या जोरावर तू दाखल्यातून सुटलीस, ते कार्डच आज तुमचं राहिलेलं नाही.

मला चिंता आहे ती तुझ्या सहीची. योजनेच्या हमीपत्रावर तुझी सही आहे. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेल्या ताळेबंदावरही तुझीच सही आहे. एका कागदावर कंपनी जोरात चाललेली, दुसऱ्यावर घर अडीच लाखांत भागवणारं. उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर? 2025च्या जूनमध्ये 26 लाखांहून जास्त जणींचे हप्ते छाननीसाठी थांबवले, चौदा हजारांवर तर पुरुष निघाले. ई-केवायसीला नवऱ्याचंही आधार लागलं. कंपनीच्या संचालकांची नावं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. तुझ्या वडिलांनी सोसायटीची खजिनदारी केली, तेव्हा एका व्हाउचरवर कुणी बोट ठेवू शकलं नाही. त्या घरातली सही आहे ही.

आणि नोटीस कधीच आली नाही, तरी माझं म्हणणं बदलणार नाही. गेल्या वेळी मी कारखान्यात आले होते, तेव्हा नेतिवलीहून येणारी ती बाई तुझ्या टेबलाशी आली होती, आठवतं? बोटांना डिंक लागलेला, म्हणून मोबाइल मनगटानं पुढे सरकवला. "मॅडम, माझा हप्ता आला नाही, बघता का?" तू काम सोडून तिची ई-केवायसी करून दिलीस. मला तेव्हा तुझं फार कौतुक वाटलं होतं. आता ते आठवलं की पोटात कालवतं. तिला ज्या पैशात रेशन आणि पोराची शिकवणी भागवायची आहे, तेच पैसे तिच्या मालकिणीच्याही खात्यात येतात. हे तिला कळलं, तर तुझ्याकडे ती कशी बघेल?

फार बोलले का? रागावू नकोस. माझं स्वतःचं एक दुखणं आहे, म्हणून जीव तुटतो. तुझ्या आतेभावाच्या वेळी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब लिहीत होते. मालकानं हजेरीपट तोकडा दाखवलेला, त्यामुळे कामगार विमा नाही. सहा आठवड्यांचं पोर आईकडे टाकून मी कामावर परतले. हक्काचं मागायची मला लाज वाटली. लाज नको तिथे मी लाजले, ती रुखरुख अजून गेलेली नाही.

म्हणून सांगते, तुझ्या हक्काचं ते पुरेपूर घे. कंपनीकडून पगार घेऊन काम करणारा संचालक कामगार विम्यात कर्मचारीच धरला जातो, एपेक्स इंजिनीअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलंय. पगार महिना 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी लागू. तुझ्या पगारातून पाऊण टक्का, कंपनीकडून सव्वातीन. बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण पगार. वहिनी म्हणत होती, दुसऱ्याचा विचार चाललाय. मग हा हिशेब बघ: पाच हजार पगारावर त्या रजेचे तीस हजार मिळतील, वीस हजारांवर एक लाख वीस हजारांच्या घरात. दिवसभर बिलं, डिस्पॅच, बँक तूच बघतेस; वीस हजार तुझ्या कामाचे होतातच. वर्षाच्या अठरा हजारांसाठी तू स्वतःच्या कामाची किंमत पाच हजार लावून घेतली आहेस. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तेव्हा ठाण्याच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात लाभ सोडत असल्याचा अर्ज दे. आधीही काही जणींनी असा स्वतःहून दिलाय. घेतलेले हप्ते परत करायची तयारी त्यातच लिही. केशरी कार्ड बदलून घे. पुढच्या महिन्यापासून तुझा पगार नीट लाव, म्हणजे विम्याचा हप्ता वेळेत सुरू होईल. एकटीनं जायला संकोच वाटला तर मी येते, इथून रिक्षानं काही लांब नाही. जावईबापूंना मी काही बोलणार नाही, वहिनीलाही नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. दुपारचा डबा चार वाजता उघडतेस, असं कळलं. आपल्या घरात दुसऱ्यांना पगार देणारी पहिली मुलगी तू. माझ्या मैत्रिणींना मी हे किती वेळा सांगते, ते तुला माहीत नाही. एवढा अर्ज मात्र या आठवड्यात दे, बाळा.

तुझी,
आत्या