जपात मन पळतं, मग तो जप फुकट जातो का?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६ (ध्यानयोग), श्लोक २६.

साध्या शब्दांत अर्थ असा : चंचल, एका जागी न टिकणारं मन जिथे जिथे धावेल, तिथून तिथून त्याला आवरून परत आत्म्याच्या ठिकाणी आणावं.

जप सुरू करणारे बरेच जण पंधरा दिवसांत सोडून देतात, आणि कारण जवळजवळ एकच असतं. "हातात माळ आणि डोक्यात ऑफिस. हे ढोंगच झालं ना?" प्रश्न प्रामाणिक आहे. पण आजच्या श्लोकाकडे जरा नीट बघा. मन जाईल हे भगवंतांनी गृहीतच धरलंय. ते गेलं तर काय शिक्षा, हे कुठेच सांगितलेलं नाही. परत आणा, एवढंच सांगितलंय. किती वेळा आणायचं याचीही मर्यादा नाही, कारण मूळ श्लोकात 'जिथे' आणि 'तिथून' हे दोन्ही शब्द दोन-दोनदा आलेत. त्याच्या आधीच्या श्लोकात 'हळूहळू' हा शब्दही दोनदा आहे. घाई आपल्याला असते, गीतेला नाही.

पुढे ३४व्या श्लोकात अर्जुन तक्रार करतोच. मन चंचल आहे, घुसळून काढणारं आहे, बलवान आणि हट्टी आहे. त्याला आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. भगवंत त्याचं म्हणणं खोडून काढत नाहीत. 'यात शंकाच नाही' असं म्हणतात, आणि दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य.

इथे ज्ञानेश्वर माऊली फार सुंदर गोष्ट दाखवतात. त्या सांगतात, या मनात एक चांगला गुण आहे : ज्यात गोडी लागते, त्याला ते सोकावतं. मोबाईल बघायची सवय लावावी लागली का? नाही, गोडी लागली आणि सवय झाली. तोच गुण नामाकडे वळवायचा. म्हणजे मनाला मारायचं नाहीये, त्याला चांगली चव दाखवायची आहे.

आता मनाची शुद्धी म्हणजे नेमकं काय, ते स्वतःपुरतं सांगते. काही वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्यावर अशा गोष्टीचा ठपका ठेवला गेला, जी मी केलीच नव्हती. नोकरी बदलली, तरी ती मीटिंग डोक्यात सुरूच राहिली. जपाला बसले की आधी तीच आठवायची. मला वाटायचं, नामाने मन शांत व्हायला हवं, हे तर उलटंच चाललंय! मग लक्षात आलं, पाणी स्थिर झालं की तळाचा गाळ दिसतोच. तो जपाने आणलेला नसतो, आधीपासूनच खाली असतो.

ती आठवण आजही येते. फरक इतकाच की पूर्वी मी अर्धा तास मनातल्या मनात उत्तरं देत बसायचे. आता चार-पाच मण्यांत कळतं, 'अरे, गेलं तिकडे', आणि मी नामावर परत येते. जे झालं ते चूकच होतं, आजही मी त्याला बरोबर म्हणणार नाही. पण त्याचा रोजचा हप्ता मी भरायचा नाही. माझ्यासाठी चित्तशुद्धी ही एवढी आहे, आणि ती थोडी नाही.

करून बघण्यासारखं

१. जागा आणि वेळ ठरवा. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र एक माळ, म्हणजे १०८ वेळा, म्हणायला साधारण पाच-सहा मिनिटं लागतात. गोंदवलेकर महाराजांनी हाच मंत्र घरोघरी पोचवला. तुमचं नाम वेगळं असेल तर तेच घ्या.

२. सुरुवात वाचिक जपाने करा, म्हणजे स्वतःला ऐकू येईल असा. मग उपांशु : ओठ हलतात, आवाज नाही. शेवटी मानस. मानस जप श्रेष्ठ मानलाय, पण मन फार पळत असेल तर बिनधास्त परत वाचिकावर या.

३. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवायची. त्या क्षणी एक श्वास थांबा.

४. माळ झाल्यावर दोन मिनिटं नुसतं बसा. नाम आतून चालू राहतंय का, ते ऐका. ध्यान वेगळं शोधायला जावं लागत नाही, ते इथूनच सुरू होतं.

५. लोकलमध्ये माळ काढणं अवघड वाटत असेल तर बोटांच्या पेरांवर मोजा.

एक मात्र सांगते. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर नाम घ्याच, पण डॉक्टरांकडेही जा. दोन्हींत विरोध नाही.

आजचा संकल्प : आज जपात मन किती वेळा गेलं हे मोजायचं नाही. किती वेळा परत आलं, ते बघायचं. त्यातलं प्रत्येक परत येणं हाच अभ्यास.

हे पांडुरंगा, मन तुझ्या पायाशी टिकत नाही, पण परत तिथेच येऊ दे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.